पॉपच्या पलीकडचे कोरियन संगीत

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून गेल्या काही महिन्यांत या सदराकडे कोरियन संगीताविषयी बरीच पत्रे आली. घरातली मुले दिवसभर जी गाणी ऐकतात, त्यांच्यापलीकडे त्या देशाच्या संगीतात काय आहे आणि ते कसे ऐकावे, असा बहुतेकांचा प्रश्न आहे. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. माझे मत आरंभीच सांगते: कोरियन संगीताचा प्राण तिथल्या कथागायनाच्या आवाजात आणि ढोलाच्या ठेक्यात आहे. त्यामुळे प्रश्न रॉकविषयीचा असो की शेतातल्या गाण्यांविषयीचा, उत्तर पुन्हापुन्हा त्याच दोन गोष्टींपाशी येईल.

प्रश्न: मी बीटीएस या कोरियन पॉप गटाची चाहती आहे. त्यांच्यातील शुगाने ऑगस्ट डी या नावाने गायलेल्या ‘देछ्वीता’ या गाण्यात आपल्या लग्नातल्या सनईसारखे वाद्य ऐकू येते. ते कोणते? त्याचे मूळ संगीत कोठे ऐकायला मिळेल? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, जळगाव)

उत्तर: तुमच्या कानांनी अचूक पकडले. त्या वाद्याला थेप्यंगसो म्हणतात. खाली रुंदावत जाणारी लाकडी नळी, टोकाला धातूचा कर्णा आणि तोंडाशी फुंकायची पत्ती अशी त्याची घडण असते, आणि ते सनईच्याच कुळातले आहे. २०२० मध्ये आलेल्या त्या गाण्याचे नाव ज्या संगीतावरून घेतले आहे, ते राजाची स्वारी निघताना किंवा सैन्य कूच करताना वाजवले जाई. पिवळे झगे घातलेले वादक रांगेत उभे राहतात, त्यांचा म्होरक्या हातातली छडी उंचावून खड्या आवाजात हुकूम देतो आणि मग वादन सुरू होते. या ताफ्यात थेप्यंगसोखेरीज लांब सरळ पितळी तुतारी, शंख, मोठी थाळी, झांजा आणि कमरेला बांधलेला ढोल असतो. धून वाजवण्याचे काम मात्र एकट्या थेप्यंगसोकडे असते. तुतारी आणि शंख आळीपाळीने आपापला एकच सूर लांबवत राहतात. त्या एकसुरी भिंतीवर थेप्यंगसोची धून कशी चढते ते लक्ष देऊन ऐका, म्हणजे रॅपखाली तोच तुकडा का वापरला असेल हे आपोआप उमगेल.

तेथून पुढची पायरी म्हणून सोलमधील जोंगम्यो या राजघराण्याच्या पितृमंदिरातले विधिसंगीत ऐकावे. त्यातील रचनांचे मूळ पंधराव्या शतकातल्या राजा सेजोंगकडे जाते. १४४६ मध्ये कोरियाची स्वतःची लिपी जाहीर करणारा तोच हा राजा. दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या रविवारी हा विधी आजही होतो आणि त्यात दगडी पट्ट्यांचे आणि कांस्य घंटांचे संच वाजतात. आरंभाची खूण म्हणून एका लाकडी पेटीत वरच्या भोकातून दांडा आपटतात, आणि समाप्तीला बसलेल्या लाकडी वाघाच्या पाठीवरील दात्यांवरून चिरलेल्या बांबूचा झाडू फिरवतात. याची गती अतिशय संथ आहे. पहिल्यांदा ऐकताना कंटाळा आला तर आग्रह धरू नका. काही महिन्यांनी पुन्हा या संगीताकडे या.

प्रश्न: माझी नात सांगते की कोरियात एकच गायक तासन्तास उभा राहून गोष्ट गातो. मी आयुष्यभर कीर्तने ऐकली, वहीगायनही भरपूर ऐकले. भाषा येत नसताना मला ते ऐकता येईल का? (निवृत्त मराठी शिक्षक, अमळनेर)

उत्तर: गुरुजी, आपली नात ज्याविषयी बोलते त्याला पानसोरी म्हणतात, आणि या सदरातल्या सर्व वाचकांत ते ऐकण्याची सर्वाधिक तयारी आपलीच आहे. गद्यात कथा पुढे न्यायची, भावनेचा क्षण आला की गाण्यात शिरायचे आणि समोरच्या श्रोत्यांना त्यात ओढून घ्यायचे, ही कीर्तनकाराची रीत ज्याला ठाऊक आहे, त्याला पानसोरीची रचना समजावून सांगावी लागत नाही. बोललेल्या भागाला आनिरी म्हणतात. तो संपून गाणे सुरू होते तेव्हा गायकाचा श्वास आणि उभे राहण्याची ढब दोन्ही बदलतात.

चटई अंथरलेली असते. तिच्यावर एक गायक किंवा गायिका उभी, आणि शेजारी ‘बुक’ नावाचा ढोल घेऊन बसलेला गोसू, म्हणजे वादक. मंचावर आणखी कोणी नसते. गायकाच्या हातात घडीचा पंखा असतो. तो उघडला की पत्र होतो, मिटला की आंधळ्या म्हाताऱ्याची काठी. गोसू केवळ ताल धरत नाही. गायकाने एखादी जागा चांगली घेतली की ‘अल्स्सीगू’, ‘जोथा’ असे उद्गार काढून तो त्याला बळ देतो, आणि जाणकार श्रोतेही तसेच उद्गार देतात. या उद्गारांना छुइमसे असे नाव आहे, आणि ते योग्य जागी न आल्यास मैफल फिकी पडते. ‘पहिला गोसू, दुसरा गायक’ अशी म्हणच तिथे रूढ आहे.

ही कला कोरियाच्या नैर्ऋत्येकडील जल्ला प्रांतात, साधारण सतराव्या शतकापासून, वाढली. एके काळी बारा कथा गायल्या जात. आज परंपरेने पाच टिकल्या आहेत. एका सामान्य स्त्रीच्या निष्ठेची ‘छुन्ह्यांगगा’, आंधळ्या बापासाठी स्वतःला समुद्रात झोकून देणाऱ्या मुलीची ‘सिमछंगगा’, दोन भावांची ‘हुंगबुगा’, चिनी युद्धकथेवरची ‘जकब्यकगा’, आणि माझी सर्वांत आवडती ‘सुगुंगगा’. छुन्ह्यांगची कथा संपूर्ण गायला आठ तासांपर्यंत लागू शकतात. विसाव्या शतकात बहुतेक गायक निवडक प्रसंगच गात असताना पार्क दोंग-जिन या गायकाने १९६८ मध्ये हुंगबुगा पाच तास सलग गाऊन पूर्ण कथागायनाची रीत पुन्हा मंचावर आणली.

सुगुंगगाचे कथानक आपल्याला पहिल्या भेटीतच ओळखीचे वाटेल. समुद्रातला नागराजा आजारी पडतो. सशाचे काळीज खाल्ल्यानेच तो बरा होईल असे वैद्य सांगतात, म्हणून एक कासव जमिनीवर येऊन सशाला फसवून पाण्याखाली नेते. तिथे गेल्यावर ससा सांगतो की काळीज तर मी डोंगरावरच ठेवून आलो. माकड आणि मगरीची गोष्ट आपण वर्गात कितीदा सांगितली असेल! जातककथांतही ती आहे, आणि बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे ती कोरियात पोहोचली असे अभ्यासक मानतात. वाटेत मगरीचे कासव झाले आणि माकडाचा ससा झाला, पण जीव वाचवणारी युक्ती शाबूत राहिली. त्यातला एक प्रसंग जरूर ऐका. थंड पाण्यातून पोहत आल्याने कासवाचा जबडा आखडलेला असतो. ते सशाला आदराने हाक मारायला जाते आणि तोंडातून वाघाला मारलेली हाक बाहेर पडते. आपल्याला एवढ्या मानाने आजवर कोणी हाक मारलेली नाही म्हणून हरखलेला वाघ डोंगरावरून उतरू लागतो. त्याचे भारदस्त पंजे, डुलणारी शेपटी आणि थरथरणारे रान हे सारे गायक केवळ शब्दांच्या आघातांनी उभे करतो. हा प्रसंग ऐकताना मराठी श्रोत्याला अर्थ माहीत नसला तरी वाघ दिसतो.

आवाजाविषयी एक सूचना. पानसोरीत गोड, नितळ आवाजाला मान नाही. घासलेला, खरबरीत, किंचित फाटलेला आवाज त्यांना हवा असतो, आणि तो कमावण्यासाठी जुने गायक धबधब्याजवळ बसून, पाण्याच्या गर्जनेवर आपला आवाज ऐकू येईपर्यंत रियाज करीत. पहिली दहा मिनिटे हा आवाज कानाला बोचेल. त्यानंतर त्यातली व्यथा ऐकू येऊ लागते.

कथांचे लिखित रूप टिकले त्याचे मोठे श्रेय गोछांग गावच्या शिन जे-ह्यो (१८१२–१८८४) यांना जाते. त्यांनी सहा कथांच्या संहिता नीट लावल्या आणि स्त्रियांनाही शिकवले. पुरुषांच्या या क्षेत्रात नाव कमावणारी पहिली स्त्री जिन छे-सन ही त्यांचीच शिष्या. युनेस्कोने २००३ मध्ये पानसोरीला मानवतेच्या मौखिक आणि अमूर्त वारशाचा मान दिला, परंतु कोरियातल्याच सामान्य प्रेक्षकाला ती पुन्हा आठवली ती त्याआधी दहा वर्षे, इम क्वन-थेक यांच्या ‘सप्यनजे’ या चित्रपटामुळे. फिरत्या पानसोरी कुटुंबाची कथा सांगणारा हा १९९३ चा चित्रपट एकट्या सोल शहरात दहा लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. तो मिळाला तर नातीला शेजारी बसवून पाहा. मग तिच्याकडून ली नालछी या बँडचे २०२० चे सुगुंगगा ऐका. त्यात गिटार नाही. दोन बेस, ड्रम आणि पानसोरी शिकलेले गायक एवढ्यावर वाघ उतरण्याचा तोच प्रसंग त्यांनी नाचता येईल असा केला आहे. बँडचे नाव एकोणिसाव्या शतकातल्या एका मोठ्या पानसोरी गायकाचे आहे.

प्रश्न: मी भजनी मंडळात पखवाज वाजवतो. कोरियन ढोलांच्या समूहवादनाचे व्हिडिओ पाहिले, पण त्यांचा ताल हाती लागत नाही. सम कुठे आहे हेच कळत नाही. (पारोळा)

उत्तर: आपण पाहिले ते बहुधा सामुलनोरी असावे. किम दक-सू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये सोलच्या एका लहानशा नाट्यगृहात ते प्रथम सादर केले. गावोगावी शेतकऱ्यांचे ताफे पेरणी-कापणीला आणि ग्रामदेवतेच्या उत्सवात जे वादन नाचत-नाचत करीत, त्यातली चार वाद्ये उचलून त्यांनी वादकांना मंचावर मांडी घालून बसवले आणि सारे लक्ष तालावर आणले. क्वेंगग्वारी ही तळहातावर धरायची छोटी पितळी थाळी ताफ्याचे नेतृत्व करते. तिला विजेची उपमा देतात. जिंग या मोठ्या थाळीला वारा म्हणतात, बुकला ढग, आणि जांग्गू या डमरूच्या घाटाच्या ढोलाला पाऊस.

आपल्याला जांग्गूकडे पाहिले की बरेच कळेल. डाव्या तोंडाला गोटीदार टोकाच्या दांड्याने घुमारा काढतात आणि उजव्या तोंडावर बांबूच्या पातळ काडीने तीक्ष्ण बोल. त्याला शाई नसते, कणीकही लावत नाहीत. दोऱ्यांवर बसवलेले चामड्याचे तुकडे सरकवून ताण कमीजास्त करतात. समेविषयी म्हणाल, तर आपला कान चार-चार मात्रांच्या विभागांची वाट पाहतो आणि त्यांची लय बहुतांशी तीन-तीनच्या झोक्यावर चालते. एक मात्रा मोजण्याऐवजी तीन लहान ठोक्यांचा एक श्वास मोजा. ते लोक स्वतःही लय शिकवताना श्वासावर फार भर देतात.

पानसोरीत आणि लोकगीतांत भेटणारा जुंगमोरी हा ताल बारा मात्रांचा आहे, म्हणजे चौतालाएवढा. त्यातला सर्वांत जोरकस आघात मात्र नवव्या मात्रेवर येतो. आपण पहिल्या मात्रेवर जोर शोधत बसलो तर चुकतो. नववीवर हात ठेवून पाहा, आवर्तन आपोआप सापडते. वर ज्या वाघाच्या प्रसंगाविषयी लिहिले, तो परंपरेने अन्मोरी या तालात गातात, आणि त्यात दहा मात्रा तीन-दोन, तीन-दोन अशा पडतात. आपला झपताल दोन-तीन, दोन-तीन आहे. हे ध्यानात घेऊन तो प्रसंग हातावर टाळी धरून ऐकावा. त्यानंतर सामुलनोरीतला ‘सामदो सल्जांग्गू’ हा प्रकार लावा. त्यात चौघेही वादक केवळ जांग्गू वाजवतात आणि सवाल-जवाब स्पष्ट ऐकू येतात.

प्रश्न: मला जुनी हिंदी-मराठी चित्रपटगीते आवडतात. कोरियात तसे काही आहे का? (गृहिणी, चाळीसगाव)

उत्तर: आहे, ताई. त्याला तिथे ट्रॉट म्हणतात. १९३० च्या दशकात, जपानी सत्तेच्या काळात, दोन मात्रांच्या ठेक्यावर ही गाणी रुजली. ली नान-यंग यांचे १९३५ चे ‘मोकपोचे अश्रू’ हे बंदरावरच्या विरहाचे गाणे पारतंत्र्यातल्या लोकांनी आपल्या दुःखाचे गाणे मानले. याच गायिकेच्या दोन मुली आणि एक भाची ‘किम सिस्टर्स’ या नावाने १९५९ मध्ये अमेरिकेत गेल्या आणि तिथल्या दूरचित्रवाणीवर वारंवार झळकल्या. कोरियन मुलींचा गट जगात गाजणे ही काही आजची नवलाई नाही.

ली मी-जा यांच्या १९६४ च्या ‘डोंगबेक आगास्सी’ या चित्रपटगीताची रेकॉर्ड घरोघर पोहोचली, आणि पुढच्याच वर्षी सरकारने त्यात जपानी छटा आहे असे म्हणून त्यावर बंदी घातली. ती बंदी १९८७ मध्ये उठली. एवढी वर्षे एका साध्या प्रेमगीताला गप्प करणे मला आजही अन्यायाचे वाटते. या गाण्यांत सूर मध्येच मोडून, हुंदका आल्यासारखा वळवतात, ती या गायकीची ओळख आहे. ट्रॉटला सुशिक्षितांनी बरीच वर्षे हलके लेखले. अहिराणी गाण्यांच्या वाट्याला काय येते ते पाहिलेल्या खान्देशातल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. पुढे २०१९ च्या ‘मिस ट्रॉट’ या स्पर्धेने चित्र पालटले. ती जिंकणारी सोंग गा-इन ही जिंदो बेटावरची, पानसोरीचे शिक्षण घेतलेली गायिका आहे, आणि तिच्या आवाजात ते घासलेपण लगेच जाणवते. तिच्यापासून सुरुवात करून मागे ली मी-जा यांच्याकडे जावे.

प्रश्न: कोरियात लोकशाहीसाठी मोठा लढा झाला असे वाचले. त्या लढ्याची गाणी कोणती? (प्राध्यापक, धुळे)

उत्तर: दोन गाणी आधी ऐकावीत. किम मिन-गी यांचे ‘सकाळचे दव’ हे १९७१ चे गाणे यांग ही-उन यांनी साध्या गिटारवर, अजिबात चढ्या स्वरात न जाता गायले आहे. त्यात कोठे घोषणा नाही, कोणाचे नाव नाही. तरीही विद्यार्थ्यांनी ते आपले मानले, १९७५ मध्ये त्यावर बंदी आली, आणि जून १९८७ च्या आंदोलनात रस्त्यांवर लाखोंनी ते गायले. किम मिन-गी यांनी पुढे सोलमध्ये ‘हाकछन’ हे छोटे नाट्यगृह चालवले आणि कितीतरी गायक-नट तेथून घडले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

दुसरे गाणे ग्वांगजूचे. मे १९८० मध्ये त्या शहरातला उठाव लष्कराने चिरडला. त्यात मारला गेलेला युन सांग-वन आणि त्याआधी निवर्तलेली त्याची सहकारी, कामगारांच्या रात्रशाळेत शिकवणारी पार्क गी-सुन, या दोघांचे मरणोत्तर लग्न १९८२ मध्ये लावण्यात आले. त्या प्रसंगासाठी रचलेल्या संगीतातून ‘प्रियजनांसाठी कूच’ हे गाणे आले. कॅसेटवरून कॅसेट भरून घेत ते देशभर गेले, आणि पुढे हाँगकाँग, तैवानमधल्या कामगारांनीही आपापल्या भाषांत गायले.

रॉकची बाजू समजून घ्यायची तर शिन जुंग-ह्यन यांना टाळता येणार नाही. अमेरिकी लष्कराच्या तळांवर गिटार वाजवून ते घडले. १९७२ च्या सुमारास हुकूमशहा पार्क चुंग-ही यांच्या स्तुतीचे गाणे लिहिण्याचा आदेश त्यांनी नाकारला आणि त्याऐवजी देशाच्या नद्या-डोंगरांवर एक लांबलचक गाणे रचले. १९७५ मध्ये गांजाच्या प्रकरणात त्यांना अटक झाली, छळ झाला आणि त्यांच्या संगीतावर बंदी आली. त्यांनी किम जुंग-मी या गायिकेसाठी केलेला १९७३ चा ‘नाऊ’ हा अल्बम माझ्या मते त्या दशकातले आशियातले एक अव्वल काम आहे. प्राध्यापक महाशय, तो सलग ऐकावा. त्यातील गाणी सुटी करू नयेत.

प्रश्न: आमच्याकडे आखाजीला झोक्यावर बाया गाणी म्हणतात, कानबाईचीही गाणी असतात. कोरियातल्या बायकांची अशी गाणी आहेत काय? (अंगणवाडी सेविका, साक्री)

उत्तर: भरपूर आहेत. छुसक या सुगीच्या सणाच्या पौर्णिमेला दक्षिणेकडच्या किनारपट्टीवर बायका हातात हात घालून मोठे रिंगण करतात आणि ‘गांगगांगसुल्ले’ गातात. एक बाई ओळ सांगते, बाकीच्या तेच ध्रुवपद परततात, आणि गाण्याची गती वाढेल तसे रिंगण धावू लागते. जेजू बेटावर हेन्यो, म्हणजे श्वास रोखून समुद्रतळाशी जाऊन शिंपले आणि शेवाळ काढणाऱ्या स्त्रिया आहेत. होडी वल्हवताना त्यांनी म्हटलेल्या गाण्यात वल्ह्याचा प्रत्येक फटका ऐकू येतो. ही गाणी मंचावरच्या संचात ऐकण्यापेक्षा म्हाताऱ्या बायकांच्या मूळ ध्वनिमुद्रणांत ऐकावीत.

आरिरांग हे नाव आपण ऐकले असेल. ते एकच गाणे नाही. युनेस्कोच्या नोंदीनुसार सुमारे ६० प्रकारांत त्याची अंदाजे ३,६०० रूपे आहेत. जंगसनच्या डोंगरातले आरिरांग संथ आणि उदास आहे, जिंदोचे खेळकर आणि ठसकेबाज. दोन्ही एकापाठोपाठ लावा.

प्रश्न: मी हौशी रॉक बँडमध्ये गिटार वाजवतो. कोरियन पारंपरिक वाद्ये आणि जोरकस गिटार असे एकत्र कोणी करते का? (रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

उत्तर: जांबिनाई ऐका. २००९ मध्ये स्थापन झालेला हा बँड पारंपरिक संगीताचे विधिवत शिक्षण घेतलेल्या वादकांचा आहे. त्यातले गमुनगो हे सहा तारांचे लांब वाद्य बांबूच्या काडीने छेडतात, आणि ती काडी तारेबरोबर लाकडावरही आपटत असल्याने प्रत्येक सुराला ढोलाचा आघात चिकटलेला असतो. हेगुम हे दोन तारांचे गजाचे वाद्य किंचाळू शकते आणि कण्हूही शकते. २०१८ च्या प्यंगछांग हिवाळी ऑलिंपिकच्या समारोपात या बँडने वादन केले होते.

प्रश्न: शब्द नकोत, शांत वादन हवे. एकच प्रकार सुचवा. (नंदुरबार)

उत्तर: सान्जो. एक वाद्य आणि साथीला जांग्गू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किम छांग-जो यांनी गायागुम या बारा रेशमी तारांच्या वाद्यावर ही पद्धत घडवली असे मानले जाते. जिन्यांगजो या अतिविलंबित तालात आरंभ होतो, मग जुंगमोरी येतो, आणि पायरीपायरीने लय वाढत जाते. विलंबितातून द्रुताकडे जाणारी मैफल ज्याने ऐकली आहे त्याला वाट चुकण्याची भीती नाही. उजवा हात तार छेडतो आणि डावा हात घोडीपलीकडून तीच तार दाबून सुराला कंप देतो. त्या कंपाकडे लक्ष ठेवा, कारण पानसोरीच्या गळ्यातली थरथर वादकांनी तेथे बोटांवर आणली आहे.

गायागुमनंतर देगुम या आडव्या बासरीवरचा सान्जो ऐकावा. तिच्या एका भोकावर वेताच्या आतला पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. जोराने फुंकले की तो झणझणतो आणि सुराला धार येते. आधुनिक रचनांची उत्सुकता असल्यास गायागुमवादक ह्वांग ब्यंग-गी (१९३६–२०१८) यांची १९७४ ची ‘छिमह्यांगमू’ घ्या. सोलच्या राष्ट्रीय गुगाक (म्हणजे पारंपरिक संगीत) केंद्राच्या यूट्यूब वाहिनीवर सान्जो, पानसोरी आणि दरबारी संगीताची पूर्ण लांबीची सादरीकरणे विनामूल्य आहेत. शोधताना रोमन लिपीत नाव टाकण्याऐवजी त्याचे कोरियन स्पेलिंग विकिपीडियावरून उचलून टाकले की कितीतरी जास्त सापडते.